वाचक विचारतात: कुत्र्याचं नाव लावणारी यंत्रं

पॉन्से ही फिनलंडची कंपनी. जंगलातलं झाड पाडून, फांद्या छाटून जागेवरच ओंडके करणारी आणि ते ओंडके रस्त्यापर्यंत वाहून आणणारी चाकांवरची यंत्रं ती बनवते. या कंपनीबद्दल आणि तिच्या यंत्रांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

कंपनीला कुत्र्याचं नाव दिलंय असं वाचलं. ही दंतकथा आहे का? आणि लाकूडतोडीच्या धंद्यातला माणूस कारखानदार कसा झाला?

कुत्र्याची गोष्ट खरी आहे. उत्तर साव्हो भागातल्या विएरेमा गावात पॉन्से नावाचा एक मिश्र जातीचा कुत्रा होता आणि सशाच्या शिकारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा तेच नाव त्याला चिकटलं. विपणन खात्याने बसून शोधलेलं ते नाव नाही, हे ऐकताक्षणी कळतंच.

एइनारी विद्ग्रेन (१९४३–२०१०) हे जंगलातले ठेकेदार. ठेकेदाराचा हिशोब सरळ असतो. पैसे मिळतात ते बाहेर काढलेल्या लाकडाच्या घनमीटरवर. यंत्र दुरुस्तीला उभं राहिलं की आवक शून्य होते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. १९६०च्या दशकात लाकूड वाहायला जी यंत्रं मिळत, त्यातली बरीच शेतीच्या ट्रॅक्टरवर बेतलेली होती. ट्रॅक्टर हा ओढण्यासाठी केलेला असतो. जंगलात त्याच्यावर तीन भलतेच भार येतात: बुंध्याचे खुंट पोटाला घासतात, एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेल्याने सांगाडा पिळला जातो, आणि क्रेन लांब पसरली की तिच्या पायावर प्रचंड मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. दहा मीटरवर एक टन उचललं तर पायाशी सुमारे १०० किलोन्यूटन-मीटर भरतात आणि त्यात बूम, म्हणजे क्रेनचा हात, झटक्याने फिरवल्याचा धक्का वेगळा. म्हणून तडे ठरलेल्या जागीच जातात. क्रेनचा पाया, पुढचा-मागचा सांगाडा जोडणारा मधला सांधा आणि बोगीची, म्हणजे एका बाजूच्या जोडचाकांच्या दांड्याची, बैठक. हे तीन सांधे ज्याने स्वतः वेल्डिंग करून करून सांभाळलेत, त्याला कुठे किती जाड पत्रा हवा हे कोणी सांगावं लागत नाही.

विद्ग्रेन यांनी गावातल्या वर्कशॉपमध्ये स्वतःपुरतं एक यंत्र बांधलं. पॉन्से हे नाव चिकटलं ते यालाच; मॉडेलचं नाव डिनो. इतरांची यंत्रं दुरुस्तीत आणि हे कामावर, असं दिसू लागल्यावर मागणी आली. १९७० मध्ये कंपनी स्थापन झाली. स्थानिक पालिकेने कारखान्यासाठी शेड उभारून दिली. विएरेमाची वस्ती आजही काही हजारांतच आहे, आणि कंपनीचं मुख्यालय आणि यंत्रजोडणी दोन्ही अजून तिथेच आहेत.

हार्व्हेस्टर आणि फॉरवर्डर यांत फरक काय? एकाच यंत्राने दोन्ही कामं का होत नाहीत?

हार्व्हेस्टर झाड पकडतो, बुडाशी कापतो, आडवं करतो, रोलरने खोड पुढे सरकवत सुऱ्यांनी फांद्या उतरवतो आणि ठरलेल्या लांबीचे ओंडके पाडतो. फॉरवर्डर मागून येतो, क्रेनने ते ओंडके मागच्या हौद्यात भरतो आणि ट्रक पोचेल अशा रस्त्याकडेला रचतो. ओंडका जमिनीवरून घसटत नाही, उचलून नेला जातो. उत्तर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर चालते ती पद्धत निराळी: झाडं पाडून जुड्या करायच्या, अख्खी झाडं स्किडरने ओढत रस्त्यापर्यंत न्यायची आणि फांद्या तिथे काढायच्या. मोठ्या सरसकट तोडीला ती स्वस्त पडते. पण विरळणी करताना, म्हणजे काही झाडं काढून उरलेली वाढवायची असताना, अख्खं झाड ओढत नेलं तर उभ्या झाडांची साल सोलवटून निघते.

दोन्ही कामं करणारी यंत्रं निघाली आहेत. पॉन्सेनेही असं यंत्र केलं होतं. लहान आणि विखुरलेल्या तुकड्यांत ते परवडतं, कारण एकच यंत्र ट्रेलरवरून हलवावं लागतं. पण एक काम चालू असताना दुसऱ्या कामाची भांडवली किंमत नुसती बसून राहते. मोठ्या कामावर दोन यंत्रांची जोडीच जिंकते.

पहिल्या यंत्रानंतर नेमका विकास कसा झाला? टप्पे सांगा.

सुरुवातीची बरीच वर्षं कंपनी फक्त फॉरवर्डरच करत होती. डिनोनंतर पाझ हे मॉडेल आलं. ही यंत्रं दणकट होती, पण दणकटपणाची किंमत वजनात मोजावी लागते. समजा भरलेल्या यंत्राचं एकूण वजन जमीन ३० टनांपर्यंतच सोसते. यंत्र स्वतः १८ टनांचं असेल तर माल १२ टन. यंत्रातून एक टन वाचवला तर प्रत्येक खेपेला एक टन माल जास्त, आणि दिवसाला दहा खेपा धरल्या तर दहा टन. १९८३ मध्ये आलेला एस१५ हा फॉरवर्डर या विचारातून झाला: हलका, तरीही टिकणारा. कंपनीचा पाया त्याने पक्का केला, असं आम्हाला वाटतं. तोपर्यंत ती ठेकेदाराची चांगली कल्पना होती. त्यानंतर तिला कारखान्याचं रूप आलं.

दुसरी उडी १९८६ची. त्या वर्षी पॉन्सेचं पहिलं हार्व्हेस्टर हेड, एच५२०, आलं. हेड म्हणजे क्रेनच्या टोकावरचा, झाड पकडून कापणारा आणि फांद्या छाटणारा भाग. त्याआधीच्या यंत्रांत झाड पाडणारी पकड क्रेनच्या टोकाला असे आणि फांद्या छाटणारा भाग यंत्राच्या पाठीवर. झाड उचलून त्या दुसऱ्या भागात द्यावं लागे. ऐंशीच्या दशकात हे सगळं क्रेनच्या टोकावरच्या एकाच हेडमध्ये आलं. यंत्र हलकं झालं, छोटं झालं आणि विरळणीत झाडांच्या मधून काम करू लागलं. हेड स्वतः बनवायचं ठरवणं हा धाडसी निर्णय होता, कारण हार्व्हेस्टरमध्ये सर्वांत जास्त मोडणारा भाग तोच. पण पकड, करवत, मोजमाप आणि क्रेन एकाच हाताखाली आली की दोष कोणाचा यावर वाद उरत नाही.

१९९३ मध्ये एचएस१५ एर्गो आला. एर्गो हे नाव कंपनीच्या यादीत आजही आहे, यंत्र मात्र आतून पार बदललंय. १९९५ मध्ये शेअर हेलसिंकीच्या बाजारात आले. २०१५ मध्ये दहा हजारावं यंत्र बाहेर पडलं. मोटारीच्या कारखान्याला हा आकडा किरकोळ वाटेल; जंगलयंत्रांच्या दुनियेत तो मोठा आहे, कारण इथे प्रत्येक यंत्र ग्राहकाने क्रेन, हेड, टायर आणि संगणक सांगून मागवलेलं असतं.

नावांबद्दल एक भाबडा प्रश्न आला होता, म्हणून सांगतो: गॅझेल, विसेंट, एल्क, बफेलो, एलिफंट, मॅमथ हे फॉरवर्डर, आणि साधारण याच क्रमाने वाहण्याची ताकद वाढत जाते. एलिफंट किंग २० टन उचलतो, मॅमथ २५ टन. बीव्हर, फॉक्स, एर्गो, बेअर, स्कॉर्पियन हे हार्व्हेस्टर. प्राण्याचा आकार लक्षात ठेवला की फॉरवर्डर पाठ होतात. विंचवाचा मात्र इथे काही उपयोग नाही, त्याच्याबद्दल पुढे.

आठ चाकं कशाला? पोकलेनसारखे लोखंडी पट्टे का लावत नाहीत?

जंगलातली मऊ जमीन वरच्या मुळांच्या जाळ्यावर उभी असते. ते जाळं फाटलं की खाली चिखल. सलग पट्ट्याचं यंत्र सरळ जाताना हलकं पडतं, पण वळताना एका बाजूचे पट्टे घसटतात आणि जाळं तिथेच फाटतं. मधोमध सांधा असलेलं चाकांचं यंत्र कंबरेत वळतं, मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून जातात. बोगी म्हणजे एका बाजूची दोन चाकं एका दांड्यावर मधल्या खिळीभोवती खालीवर होणारी. एक चाक खुंटावर चढलं तर सांगाडा त्याच्या निम्माच उचलला जातो.

मऊ जागी, बर्फात किंवा चढावर बोगीच्या दोन चाकांवर मिळून पट्टा चढवतात. इथे दोन चुका नेहमी होतात. पट्टा फार ताणला तर बोगीचे बेअरिंग आणि गिअर झिजतात. फार सैल ठेवला तर चिखलात टायरवरून उतरतो आणि टायरची बाजू कापतो. टायरमधली हवा कमी करून पट्टा चढवला आणि मग हवा भरायला विसरलं, तर पट्टा टायरवर सरकत राहतो आणि रबर खातो. नव्या पट्ट्याच्या कड्या बसून घेतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत ताण पुन्हा तपासावा लागतो.

पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या, जमिनीसाठी पॉन्सेने दहा चाकांचा पर्यायही दिला आहे: मागच्या बोगीला आणखी एक चाकजोडी. पण सर्वांत स्वस्त उपाय यंत्राच्या बाहेर आहे. हार्व्हेस्टर चालकाने फांद्या आपल्याच पुढच्या वाटेवर टाकाव्यात. फांद्यांच्या त्या गादीवरून भरलेला फॉरवर्डर दहा वेळा जाऊ शकतो, नुसत्या मातीवर तिसऱ्या खेपेलाच चाकोरी गुडघाभर होते.

या वाटा किती अंतरावर असतात? क्रेनची लांबी कशी ठरते?

दोन्ही एकमेकांवरून ठरतात. फिनलंडमध्ये विरळणी करताना वाटा सुमारे २० मीटरवर आणि चार-साडेचार मीटर रुंद ठेवतात. म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पोचलं पाहिजे, आणि हार्व्हेस्टरची क्रेन दहा-अकरा मीटरची असते ती म्हणूनच.

हार्व्हेस्टर ओंडक्याची लांबी आणि जाडी मोजतो, आणि त्यावर शेतकऱ्याला पैसेही मिळतात म्हणे. हे मोजमाप कितपत विश्वासाचं? चुकतं कुठे? (प्रश्नकर्ती उपकरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे.)

प्रश्न मुद्द्याचा आहे, म्हणून उत्तर लांबवतो.

लांबी मोजायला हेडमध्ये एक दातेरी चाक खोडावर दाबून धरलेलं असतं. खोड सरकलं की ते फिरतं आणि एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) स्पंद मोजतो. जाडी मोजायला वेगळं काही नसतं: सुऱ्या किंवा रोलर खोडाला मिठी मारतात आणि त्यांच्या उघडण्याच्या कोनावरून व्यास काढला जातो. दर सेंटिमीटरला नाही, तर ठरावीक अंतरा-अंतरावर व्यासांची मालिका मिळते. त्यावरून घनफळ काढतात. संगणक आणखी एक काम करतो. पहिले काही मीटर मोजले की उरलेलं खोड कसं निमुळतं होत जाईल याचा अंदाज बांधतो आणि खरेदीदाराच्या दरपत्रकानुसार कुठे कापलं तर सर्वाधिक मोल येईल ते सुचवतो. पॉन्सेच्या या प्रणालीचं नाव ऑप्टी. यंत्राची नियंत्रणं बनवणारी सेइनायोकीमधली एपेक ही कंपनी पॉन्सेच्याच मालकीची आहे.

आता चूक किती महाग पडते ते बघा. करवतीच्या ओंडक्यांची लांबी ३० सेंटिमीटरच्या टप्प्यांत धरतात: ४.३, ४.६, ४.९ मीटर असं ६.१ पर्यंत. ओंडका ४.९ ऐवजी ४.८८ मीटर निघाला तर तो ४.६ मध्येच बसतो. दोन सेंटिमीटर कमी पडले आणि २८ वाया गेले. म्हणून थोडी वाढीव लांबी ठेवतात. व्यासाची गोष्ट याहून बेरकी. २० सेंटिमीटरचा व्यास चार मिलिमीटर जास्त मोजला तर चूक दोन टक्के, पण घनफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिथे ती चार टक्के होते. फिनलंडमध्ये हार्व्हेस्टरच्या मोजणीला घनफळात चार टक्क्यांपर्यंतच फरक माफ आहे. म्हणजे चार मिलिमीटरमध्ये सगळी सूट संपली.

नियंत्रण असं: संगणक अधूनमधून यादृच्छिक पद्धतीने एक खोड निवडतो. चालकाला निवडीचा अधिकार नसतो, नाहीतर प्रत्येक जण सरळसोट गुळगुळीत झाडच निवडेल. ओंडके बाजूला ठेवून चालक खाली उतरतो, इलेक्ट्रॉनिक कॅलिपरने ठरलेल्या बिंदूंवर दोन काटकोनी दिशांनी व्यास घेतो, टेपने लांबी घेतो आणि आकडे यंत्रात पाठवतो.

फरक निघाला की बहुतेक जण लगेच संगणकातले आकडे बदलतात. ही सर्वांत मोठी चूक. एका खोडावरून कधीच समायोजन करू नये. झाड गोल नसतं, एखादं खोड वेडंवाकडं असणारच. पाच-सात खोडांचा कल एकाच बाजूला दिसला तरच हात घालावा, आणि तेव्हाही आधी लोखंड तपासावं, मग आकडे. तपासायचा क्रम: मोजचाकाचे दात झिजलेत का, त्याच्या बेअरिंगला ढिलाई आहे का, चाक दाबणाऱ्या सिलिंडरचा दाब पुरेसा आहे का, सुऱ्यांना धार आहे का, कोन मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी हलते का. सुरी बोथट असेल तर फांदीचा बुडखा राहतो, त्यावर सुरी उचलली जाते आणि व्यास फुगतो. सुऱ्यांचा दाब कमी असेल तर खोड लोंबतं आणि तोच परिणाम. दाब फार वाढवला तर खोड नीट धरलं जातं, पण घर्षणाने रोलर घसरतात, इंधन जळतं आणि लाकडावर ओरखडे पडतात.

ऋतूचाही हिशोब आहे. वसंतात रस वाहू लागला की साल सैल होते, मोजचाक सालीसकट सरकतं किंवा दात आत रुततात. कडक थंडीत खोड गोठून दगड होतं, दात वरवरच फिरतात. त्यामुळे एका हंगामाचं समायोजन दुसऱ्या हंगामात चालत नाही, आणि पाइन, स्प्रूस, बर्च या प्रत्येकासाठी ते वेगळं ठेवावं लागतं. शेवटची एक साधी चूक: बुडाशी कापल्यावर लांबीची गणती शून्यापासून सुरू होते. बुंधा फाटला म्हणून चालकाने चकती कापून टाकली आणि गणती पुन्हा शून्यावर नेली नाही, तर पहिला ओंडका त्या चकतीइतका आखूड.

मोजणीच्या फायली कुठल्याही कंपनीच्या यंत्रातून एकाच साच्यात निघतात. स्टॅनफर्ड नावाचं नॉर्डिक देशांतलं प्रमाण त्यासाठी आहे. लाकूड खरेदीदाराला यंत्र कोणाचं याच्याशी देणंघेणं राहत नाही, ते त्यामुळेच.

यंत्रावर “दूर राहा” म्हणून केवढं तरी अंतर लिहिलेलं असतं. झाड तर वीस-पंचवीस मीटरचं असतं. मग इतकं कशाला?

झाडासाठी नाही, साखळीसाठी. हार्व्हेस्टरच्या करवतीची साखळी सेकंदाला ४० मीटरपर्यंत वेगाने धावते, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. ती तुटली की सुटं टोक चाबकासारखं फिरतं, एखादी कडी पुन्हा तुटते आणि बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. सुटते ती करवतीच्या पात्याच्या प्रतलात. म्हणून चालकाने पात्याची रेघ आपल्या केबिनवर किंवा माणसांच्या दिशेने असताना कापू नये. कारणं बहुधा घरगुतीच: बोथट साखळी, तेल न पोचणं, ओरबाडलेलं पातं, दगडाला लागलेली कडी, चुकीच्या रिव्हेटने केलेली जोडणी. दोनदा जोडलेली साखळी तिसऱ्यांदा जोडू नका, फेकून द्या.

केबिनच्या काचा काचेच्या नसतात, जाड पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्या डिझेलने किंवा थिनरने पुसणारे भेटतात. द्रावकाने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि मग ती काच फक्त दिसायला उरते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

हायड्रॉलिक होज (दाबाखालचं तेल नेणाऱ्या नळ्या) वारंवार फुटतात, तर कंपनीने इतक्या वर्षांत यावर काय केलं?

फुटणं बंद झालेलं नाही, होणारही नाही. २००–२८० बार दाब, हेड फिरणारं, झुलणारं, झाडाच्या फांद्यांत घुसणारं. झिजतात त्या जागा दोन: क्रेनचं टोक आणि रोटेटरच्या, म्हणजे हेड फिरवणाऱ्या भागाच्या, खालचा पुंजका. विकासाची दिशा अशी राहिली की होज शक्य तिथे बूमच्या आतून न्यायचे, एकमेकांवर घासू द्यायचे नाहीत आणि बदलायला सोपे ठेवायचे.

बदलताना: इंजिन बंद करून दाब मोकळा करा, हेड जमिनीवर टेकवा. तेलाच्या टाकीवर निर्वात पंप असतो, तो चालू करा. टाकीतली हवा खेचून काढली जाते आणि होज काढला तरी तेल बाहेर सांडत नाही. जंगलात शेकडो लिटर तेल ओतण्यापासून वाचवणारा हा छोटा पंप. पण तो चालू ठेवून यंत्र सुरू करू नका. मुख्य हायड्रॉलिक पंपाला तेल मिळत नाही आणि आतून चरे पडतात. टोकं पुसून घ्या, उघडी तोंडं टोपणाने बंद करा. नवा होज पिळ देऊन आवळला तर तो दाबाखाली सरळ व्हायला बघतो आणि नट सैल होतो. बारीक गळती हाताने कधी शोधू नका. त्या दाबाचं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

फिनलंडच्या फोटोंत कापलेले खुंट निळे का दिसतात?

तो औषधात मिसळलेला रंग. ताज्या खुंटावर हेटेरोबॅसिडियन या बुरशीचे बीजाणू बसले तर ती मुळांतून शेजारच्या झाडात जाते आणि खोड आतून कुजवते. थंडीत बीजाणू नसतात. म्हणून फिनलंडच्या दक्षिण आणि मध्य भागांत धोक्याच्या जागी सूचिपर्णी झाडं तोडताना १ मे ते ३० नोव्हेंबर खुंटावर औषध मारणं कायद्याने बंधनकारक आहे. करवतीच्या पात्याच्या खालच्या अंगाला भोकं असतात, कापता-कापता फवारा होतो. औषध दोनपैकी एक: युरियाचं द्रावण, किंवा फ्लेबिऑप्सिस जायगँटिया या निरुपद्रवी बुरशीचे बीजाणू, जे जागा आधीच अडवून बसतात. दुसरं औषध जिवंत आहे. तयार केलं त्याच दिवशी संपवा, इंजिनशेजारच्या गरम टाकीत ठेवलं तर मरतं. रंगाचा उपयोग हा: खुंटावर निळ्या रंगात कोरडा पट्टा दिसला तर त्या रेषेतलं भोक भुशाने बुजलंय. तारेने मोकळं करा, गाळणीही धुवा.

निलगिरीच्या लागवडीत हीच यंत्रं चालतात का?

चालतात. पॉन्सेचा ब्राझीलमधला व्यवसाय मुख्यतः यावरच आहे. फरक हेडमध्ये असतो. निलगिरीची साल जंगलातच काढायची असते, म्हणून रोलरच्या कडा तिरप्या असतात, खोड सरकतानाच फिरतं आणि सुऱ्या साल सोलत जातात. दोन-तीन फेऱ्या लागतात. पाडल्यावर लगेच केलं तर साल सपासप निघते. पडून वाळली तर चिकटते, आणि तिच्या लांब फिती रोलरच्या अक्षाभोवती गुंडाळून सील खराब करतात.

स्कॉर्पियन इतका विचित्र का दिसतो?

२०१३ मध्ये तो आला तेव्हा अनेकांना हाच प्रश्न पडला. नेहमीच्या हार्व्हेस्टरमध्ये क्रेन केबिनच्या पुढे किंवा बाजूला असते आणि तिचा खांब नेमका काम चालतं तिथेच आड येतो. स्कॉर्पियनमध्ये क्रेन केबिनच्या मागून उगवून डोक्यावरून पुढे येते, विंचवाच्या नांगीसारखी. केबिन क्रेनबरोबर फिरते, त्यामुळे हेड कायम नजरेसमोर. सांगाडा तीन भागांचा, चालक मधल्या भागावर, आणि तो भाग हायड्रॉलिक सिलिंडरने समतल ठेवला जातो, पुढची-मागची चाकं कशीही झुकोत. चैनीसाठी हे केलेलं नाही. चालक आठ-दहा तास बसतो, दर मिनिटाला झाडं निवडतो. मान वाकडी करून बघावं लागलं तर दुपारनंतर उभ्या झाडांना जखमा वाढतात.

सहा पायांनी चालणारं यंत्र पॉन्सेनेच केलं होतं ना?

नाही. ते प्लस्टेक या फिनलंडच्याच कंपनीचं, टिंबरजॅक या जंगलयंत्रांच्या कंपनीच्या छत्राखालचं, नव्वदच्या दशकातलं. बाजारात विक्रीला आलं नाही.

इतर कंपन्या मोठ्यांनी गिळल्या, ही कशी राहिली?

टिंबरजॅक २००० मध्ये जॉन डिअरकडे गेली. व्हाल्मेट नावाने चालणारा जंगलयंत्रांचा व्यवसाय २००४ मध्ये कोमात्सुकडे. आज जॉन डिअरचा कारखाना फिनलंडमध्ये योएनसूला आणि कोमात्सुचा स्वीडनमध्ये उमिओला आहे. पॉन्सेच्या मालकीचा मोठा हिस्साही ऐंशीच्या दशकाअखेरीस बाहेर गेला होता, नंतर विद्ग्रेन यांनी तो परत विकत घेतला. शेअर बाजारात असूनही कुटुंबाचा वाटा आजही सर्वांत मोठा.

यात तोटाही आहे. फक्त जंगलयंत्रं करणाऱ्या कंपनीला मंदीत दुसरा आधार नसतो, आणि बाजार बंद झाला की थेट लागतं. रशिया ही मोठी बाजारपेठ होती. २०२२ मध्ये निर्यात थांबवली आणि पुढे तिथली उपकंपनी विकून टाकली.

विजेवरचं जंगलयंत्र व्यवहार्य आहे का?

पॉन्सेने २०२२ मध्ये ईव्ही१ हा फॉरवर्डर दाखवला, १५ टन क्षमतेचा. चाकं आणि क्रेनला ताकद बॅटरीतून मिळते, पण यंत्रावर एक छोटं इंजिन आहे, ते बॅटरी भरत राहतं. कारण उघड आहे: तोडीच्या जागी वीज नसते. फॉरवर्डर हे विजेसाठी चांगलं उदाहरण, कारण त्याचा भार सतत वर-खाली होतो. चढावर पूर्ण ताकद, भरताना थोडी, उतारावर उलट ऊर्जा परत. छोटं इंजिन सरासरी भागवतं, टोकाची मागणी बॅटरी पुरवते. हार्व्हेस्टरची गोष्ट वेगळी. त्याचा भारही खोड सरकवताना आणि कापताना उसळतो, पण उतारावरून त्याला फारसं काही परत मिळत नाही, आणि त्याच्यावर अजून बहुतेक डिझेलच बसलंय.